साठवलेला आवाज: नित्य की अनित्य?

सिंथेसायझरच्या पोटात आवाज नसतो. तिथे विजेची मंडले असतात किंवा आकडेमोड करणाऱ्या चिप्स असतात, आणि त्यांनी काय करावे हे ठरवणारी एक मांडणी असते. ऑसिलेटरने कोणता तरंग काढावा, फिल्टरने वरचे स्वरांश कुठून कापावेत, कळ दाबल्यावर आवाज किती झपाट्याने चढावा आणि सोडल्यावर किती वेळात विरावा, अशा दहापाच ते शेदीडशे गोष्टी त्या मांडणीत येतात. वादक तिला पॅच म्हणतात, आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत टोन. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री बॅकअप घेतला जातो तो या टोनचा. आवाज कळ दाबल्यावर जन्मतो आणि हवेत विरून जातो. तरीही दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावी, कदाचित भाड्याने आणलेल्या दुसऱ्याच वाद्यावर ती मांडणी भरली, कळ दाबली, की वादक म्हणतो, ‘हा कालचाच आवाज.’ श्रोतेही तसेच धरून चालतात. हे ‘कालचाच’ म्हणणे कशाच्या आधारावर टिकते, हा प्रश्न तंत्राचा वाटतो. मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे.

भारतीय दर्शनांत या प्रश्नाची मशागत फार पूर्वी झालेली आहे. शब्द नित्य की अनित्य, यावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके भांडले. भांडण वेदाच्या प्रामाण्यापायी होते, त्यामुळे त्यातला प्रत्येक मुद्दा वाद्याला जसाच्या तसा लावता येत नाही. पण एक युक्तिवाद थेट लागू पडतो. मीमांसकांचे म्हणणे असे, की काल ऐकलेला ‘ग’ आणि आज ऐकलेला ‘ग’ यांना माणूस ‘हा तोच ग’ म्हणून ओळखतो. ही प्रत्यभिज्ञा खोटी मानायला काही कारण नाही. म्हणून वर्ण एकच आणि नित्य. तोंडातून निघणारा ध्वनी त्याला फक्त प्रकट करतो. नैयायिक उलट सांगतात. शब्द हा आकाशाचा गुण आहे, संयोगाने किंवा विभागाने तो उत्पन्न होतो, एका शब्दातून पुढचा शब्द निर्माण होत होत कानापर्यंत पोचतो आणि नष्ट होतो. ‘हा तोच’ अशी ओळख दिव्याच्या ज्योतीबद्दलही पटते, पण ज्योत क्षणोक्षणी नवी असते. ओळख पटते ती सारखेपणाची किंवा जातीची, व्यक्तीची नव्हे. इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी: मीमांसकांची नित्यता वर्णांपुरती आहे. नगाऱ्याच्या आवाजाला त्यांनी कधी नित्य म्हटलेले नाही. सिंथेसायझरच्या बाबतीत हा वाद मांडायचा तर टोनला वर्णाच्या जागी आणि प्रत्यक्ष वाजण्याला ध्वनीच्या जागी धरावे लागते. हे धरणे कितपत टिकते, ते वाद्यांच्या इतिहासातच तपासता येते.

१९७० साली बाजारात आलेल्या मिनिमूगला स्मृती नव्हती. आवाज बदलायचा तर हाताने नॉब फिरवायचे, आणि आवाज लक्षात ठेवायचा तर कागदावर नॉबांची चित्रे काढून प्रत्येकाच्या काट्याची जागा खुणेने दाखवायची. दोन गाण्यांच्या मध्ये अंधारात तो कागद बघून आठदहा नॉब जागेवर आणणे ही त्या काळच्या वादकाची खरी कसोटी. कागद नेमका असला तरी काम भागत नसे, कारण मंचावरच्या दिव्यांनी वाद्य तापले की ऑसिलेटर सुरातून सरकत आणि काटा जागेवर असूनही स्वर जागेवर नसे. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतून बंदिशीचे स्वर आणि मात्रा मिळतात, बंदिश कशी गायची ते गुरूपुढे बसूनच कळते. मिनिमूगचा कागद त्याच जातीचा होता. त्यावरून आवाज पुन्हा उभा राही तो वादकाच्या कानाने दुरुस्त केल्यावर.

१९७८ साली सिक्वेन्शल सर्किट्स या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने, म्हणजे मुख्यतः डेव्ह स्मिथ यांनी, प्रॉफेट-५ बाजारात आणला आणि कागदाची गरज संपवली, निदान तसे वाटले. या वाद्यात एक मायक्रोप्रोसेसर प्रत्येक नॉबची स्थिती आकड्यात वाचतो, ते आकडे बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या स्मृतीत ठेवतो, आणि टोनचे बटण दाबले की त्याच आकड्यांचे पुन्हा विद्युतदाबात रूपांतर करून मंडलांना पुरवतो. सुरुवातीच्या वाद्यांत असे ४० टोन मावत. नॉब कुठेही असो, आवाज आकड्यांप्रमाणे येणार.

पण आकडे तेच आले तरी ते ज्या मंडलांना पुरवायचे ती अ‍ॅनालॉगच होती. प्रॉफेट-५ एका वेळी पाच स्वर वाजवू शकतो, कारण त्यात आवाजाची पाच स्वतंत्र मंडले आहेत, आणि ती पाचही थोडी थोडी वेगळी आहेत. एकच स्वर या पाच मंडलांवर पाळीपाळीने वाजला की चौकस कानाला पाच छटा ऐकू येतात. म्हणून वाद्याला ‘ट्यून’ नावाचे बटण दिलेले असते. ते दाबल्यावर प्रोसेसर प्रत्येक ऑसिलेटर मोजतो आणि किती सरकला आहे त्याची दुरुस्ती मनात धरतो. पुढे १९८०च्या सुमारास कंपनीने आतल्या चिप्सच बदलल्या. आधीच्या दोन आवृत्त्या एसएसएम चिप्सवर चालत, तिसरी कर्टिस चिप्सवर. आकडे तेच, पण दोन आवृत्त्या सारख्या वाजत नाहीत, आणि कोणती खरी यावर वादकांची भांडणे आजही चालू आहेत. इथे नैयायिकांची बाजू भारी ठरते. प्रत्येक वेळचा आवाज नव्याने उत्पन्न झालेला आहे, त्याची कारणसामग्री दर वेळी किंचित वेगळी आहे, आणि ‘तोच’ म्हणणे म्हणजे सारखेपणाला दिलेली मान्यता.

मीमांसकांना आशा वाटावी असे वाद्य १९८३ साली आले. यामाहाच्या डीएक्स७मध्ये आवाज फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनने तयार होतो. ही पद्धत स्टॅनफर्डमधल्या जॉन चाउनिंग यांनी शोधली होती आणि यामाहाने तिचे हक्क घेतले होते. डीएक्स७मध्ये मंडले तापून ऑसिलेटर सरकत नाहीत. सहा ‘ऑपरेटर’, म्हणजे तरंग काढणारे घटक, आणि त्यांना जोडण्याचे ३२ प्रकार, सगळा हिशेब आकड्यांत. १५५ आकडे दिले की एक टोन पुरा होतो. वाद्याच्या स्मृतीत ३२ टोन राहतात आणि त्या सगळ्यांचा बॅकअप मिडीच्या, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना संदेश पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या, एकाच संदेशात पाठवता येतो. एफ०, ४३, ००, ०९, २०, ०० ही त्याची सुरुवात: पहिला अंक ‘इथून खासगी मजकूर’ असे सांगतो, ४३ म्हणजे यामाहा, पुढचे अंक मजकुराचा प्रकार आणि लांबी. मग ४०९६ बाइट, एक पडताळणीचा आकडा आणि शेवटी एफ७. एकूण ४१०४ बाइट. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे व्यवहारात ३,१२५ बाइट; त्या हिशेबाने सगळे ३२ टोन सुमारे १.३ सेकंदांत बाहेर पडतात. तो संदेश आजच्या संगणकातल्या डेक्स्ड नावाच्या मोफत प्रणालीत भरला तरी ओळखीचा इलेक्ट्रिक पियानो वाजतो. वाद्य गेले, बॅटरी गेली, तरी टोन राहिला. ध्वनी नश्वर, वर्ण नित्य.

ही आशा दोन्ही बाजूंनी ढासळते, आणि या सगळ्या विषयात नीट पाहण्यासारखे तेच आहे. पहिली बाजू सोपी: आकडे तेच असूनही आवाज वेगळा निघू शकतो. मूळ डीएक्स७मध्ये आकड्यांचा आवाज करणारा शेवटचा टप्पा १२ बिटांचा होता. त्याची खरखर, त्याचा किंचित खडबडीतपणा हा त्या आवाजाचा भाग होता आणि तो ४१०४ बाइटांत कुठेही लिहिलेला नाही. दुसरी बाजू कमी चर्चिली जाते: आवाज तोच असूनही आकडे वेगळे असू शकतात. एखाद्या ऑपरेटरची पातळी शून्य केली, की त्याच्या बाकीच्या आकड्यांत काहीही भरा, कानाला काडीचाही फरक पडत नाही. दोन बॅकअप तपासले तर ते वीसेक जागी वेगळे दिसतील आणि वाजवले तर हुबेहूब एकच असतील. म्हणजे आकड्यांची एकरूपता आवाजाच्या एकरूपतेला पुरेशीही नाही आणि आवश्यकही नाही. नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६८ साली ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’मध्ये कलांच्या लेखनपद्धतीसाठी अट घातली होती, की लेखनावरून प्रयोग आणि प्रयोगावरून लेखन, दोन्हीकडे जाता आले पाहिजे. टोन ही अट पाळत नाही. वाजलेल्या आवाजावरून त्याचे १५५ आकडे परत मिळवण्याचा एकच निश्चित मार्ग नाही.

मग साठवले जाते ते काय? न्यायदर्शनात याला जवळचे स्थान संस्काराचे आहे. अनुभव संपतो, मागे संस्कार उरतो. तो स्वतः कधी जाणवत नाही, त्याचे असणे त्याच्या कार्यावरून अनुमानाने कळते. योग्य उद्बोधक मिळाला की तो जागा होऊन स्मृती उत्पन्न करतो. स्मृती हे नवे ज्ञान आहे, जुन्या अनुभवाचे परत येणे नव्हे. टोनला हे वर्णन चपखल बसते. स्मृतीतले आकडे ऐकू येत नाहीत, आणि उद्बोधकाचे काम मिडीचा ‘प्रोग्राम चेंज’ संदेश करतो. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यव्यवसायाच्या प्रदर्शनात सिक्वेन्शलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडून दाखवले गेले. मिडी लोकांपुढे आले ते तेव्हा. त्यातला प्रोग्राम चेंज जेमतेम दोन बाइटांचा असतो. त्यात टोनचे नाव नसते, वर्णन नसते, असतो फक्त ० ते १२७ मधला एक क्रमांक. उद्बोधक आणि संस्कार यांच्यात कसलेही साम्य लागत नाही, एवढा संबंध ठरलेला असला की पुरे.

प्रत्यक्ष कार्यक्रमातले बहुतेक घोटाळे याच बिंदूवर होतात. संदेश ० पासून मोजतो, कित्येक वाद्यांची दर्शनी पाटी १ पासून, तर रोलंडच्या डी-५०सारखी वाद्ये ११ ते ८८ अशी आठाच्या गटांत. बँक, म्हणजे टोनांचा गट, निवडणारा संदेश आधी गेला नाही तर क्रमांक बरोबर आणि टोन भलताच. बासरीच्या जागी ब्रास वाजला, की श्रोत्यांना वादक चुकला असे वाटते. खरे तर उद्बोधकाने शेजारचा संस्कार जागा केलेला असतो. १९९१च्या जनरल मिडी प्रमाणाने हा घोळ मिटवायला १२८ क्रमांक नेमून दिले. १०५ वर सतार, ११२ वर शहनाई. पण प्रमाणाने ठरवले ते नाव. सतार कशी वाजावी हे प्रत्येक कंपनीवर सोपवले. सामान्य निश्चित झाले, व्यक्ती मोकळीच राहिली. या दोन क्रमांकांवर निघणारा आवाज ऐकून सतारिया किंवा शहनाईवादक काय म्हणेल याची कल्पना करता येते.

आतापर्यंतचा विचार साठवलेल्या टोनचा झाला. मंचावर मात्र टोन हलता असतो, आणि नियंत्रणाचा प्रश्न साठवणीच्या प्रश्नात मिसळतो. वादक गाण्याच्या मध्यात फिल्टरचा नॉब हळूहळू उघडतो, मॉड्युलेशनचे चाक वर सरकवतो, पेडलने आवाज आत-बाहेर करतो. हे बदल वाद्याच्या तात्पुरत्या स्मृतीत, एडिट बफरमध्ये, होतात. बहुतेक वाद्यांत दुसरा टोन निवडला की ते पुसले जातात. मग त्या गाण्याचा आवाज कोणता, साठवलेला की त्या क्षणी बफरमध्ये असलेला? साठवलेला म्हणावे तर श्रोत्यांनी तो अर्धा मिनिटसुद्धा ऐकलेला नसतो.

नॉब आणि स्मृती यांच्यात एक चमत्कारिक विसंगती राहते. टोन बदलला की आतला आकडा बदलतो, नॉब मात्र आधीच्या जागीच उभा. डोळा सांगतो फिल्टर बंद आहे, कान सांगतो उघडा आहे. आता नॉबला बोट लावले तर काय व्हावे? काही वाद्यांत आवाज धाडकन नॉबच्या जागेवर उडी मारतो. संथ गाण्यात ही उडी सभागृहभर ऐकू जाते. काही वाद्ये नॉब फिरत फिरत साठवलेल्या आकड्यावर आल्याखेरीज त्याची दखलच घेत नाहीत, आणि तोवर वादकाच्या हाताला आपण काहीच करत नाही असे वाटत राहते. तिसरी सोय उरलेल्या अंतराचा हिशेब करून दोघांना सावकाश जुळवते. तिन्हींत तडजोड आहे. दिसणारे, साठवलेले आणि ऐकू येणारे यांपैकी प्रमाण कोणते मानायचे, याचा निर्णय वाद्याच्या सेटिंगमध्ये करून ठेवावा लागतो, आणि तो अनेकदा कारखान्यानेच केलेला असतो. त्यातून साध्या मिडी नियंत्रणाच्या १२८च पायऱ्या. फिल्टर हळू उघडताना त्या पायऱ्या कानाला जाणवतात, म्हणून चांगली वाद्ये मधले आकडे स्वतः भरून काढतात. वादकाने न दिलेले आकडे वाजतात आणि हालचाल मात्र त्याची धरली जाते.

हल्ली अनेक मोठ्या कार्यक्रमांत हेही हाताने होत नाही. संगणकावर गाण्यांची यादी असते, ठरलेल्या ठोक्याला प्रोग्राम चेंज जातो, फिल्टरची हालचाल आधीच नोंदवलेली असते. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आहे आणि करण म्हणजे कार्य सिद्ध करणारे सर्वांत प्रभावी साधन. या कसोटीवर टोन बदलण्याच्या क्रियेचा कर्ता कोण? वादक म्हणावे तर त्या क्षणी त्याचा हात दुसरीकडे असतो. संगणक म्हणावे तर त्याला वेगळे काही करण्याची मुभा नाही. यादी करताना वादक स्वतंत्र होता, ठोका पडताना नाही, असे म्हणणे जास्त प्रामाणिक. नोंदवलेली हालचाल साठवणे अवघड नाही, पण ती साठवली की ती टोनचा भाग होते आणि वाजवण्याचा उरत नाही. म्हणून काही वादक टोनची निवड यंत्राकडे देतात आणि फिल्टर स्वतःकडे ठेवतात. ही विभागणी सवयीतून आलेली दिसली तरी समजूतदार आहे: निवडीत चूक झाली तर गाणे मोडते, फिल्टरमधला फरक हा वाजवणेच असते.

कोणता फरक मोडतो आणि कोणता चालतो, याचे सूत्र भर्तृहरीच्या वाक्यपदीयात सापडते. तो ध्वनीचे दोन प्रकार करतो. प्राकृत ध्वनी स्फोटाशी, म्हणजे ध्वनीतून प्रकट होणाऱ्या शब्दाशी, असा जोडलेला, की त्यावाचून स्फोट कळतच नाही. वैकृत ध्वनी म्हणजे द्रुत, मध्य, विलंबित असे उच्चाराचे भेद, त्यांनी शब्द बदलत नाही. टोनच्या बाबतीत अडचण अशी, की ही रेषा प्रत्येक आवाजात वेगळ्या ठिकाणी पडते. प्रॉफेटच्या ब्रासमध्ये पाच मंडलांचा किंचित बेसूरपणा असला तर चालतो, किंबहुना तो हवाच असतो. सगळी काटेकोर सुरात लावली तर आवाज निर्जीव होतो. डीएक्स७च्या घंटेत दोन ऑपरेटरांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर १:३.५ असे अपूर्णांकी असते, आणि ते जरासे हलले तरी घंटेची जात बदलते. पहिल्यात सरकणे वैकृत, दुसऱ्यात प्राकृत. ही माहिती टोनच्या आकड्यांत नसते. १५५ आकडे एका रांगेत, एका तोलाचे उभे असतात. त्यांतल्या कोणत्याला हात लावायचा नाही हे वादकाला ठाऊक असते, बॅकअपला नसते.

२०२०च्या प्रॉफेट-५ च्या नव्या आवृत्तीने या रेषेशी उघड खेळ केला आहे. नव्या मंडलांत सूर स्थिर राहतो, म्हणून कंपनीने ‘व्हिंटेज’ नावाचा एक नॉबच दिला: एका टोकाला आजची स्थिरता, दुसऱ्या टोकाला पहिल्या आवृत्तीची डळमळ. ज्या दोषावर उपाय म्हणून ट्यूनचे बटण आले, तो दोष आता मोजून घालता येतो. नैयायिक यावर हसला असता; कारणसामग्रीतला फरकसुद्धा आता कारणसामग्रीत जाणूनबुजून घातलेला.

व्यवहारात यातून निघते ते असे. टोनचा बॅकअप एकटा अपुरा असतो. मिडी चॅनल, मूळ सूर, पेडलची उलटसुलट दिशा या सर्वसाधारण सेटिंगची नोंद बहुतेक वाद्ये वेगळी ठेवतात, तीही वेगळी काढावी लागते. ज्या वाद्यांत टोन हा नुसता आधीच मुद्रित केलेल्या तरंगांकडे बोट दाखवतो, तिथे तेच तरंग असलेले वाद्य नसेल तर आकडे निरर्थक. आणि ढोलकी, हलगी किंवा ताशाचे नमुने वादकाने स्वतः भरले असतील तर ते पेन ड्राइव्हवर निराळे ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. ३२ टोनांचा डम्प, म्हणजे एकत्र बॅकअप, परत भरला की जुने ३२ पुसले जातात, एखाद-दुसरा वाचत नाही. स्मृतीला कुलूप असेल किंवा उपकरणाचा क्रमांक जुळत नसेल तर वाद्य तो डम्प मुकाट्याने नाकारते, आणि वादकाला ते कळते पहिल्या गाण्याला. संदेशाच्या शेवटचा पडताळणीचा आकडा, मजकुरातल्या सगळ्या आकड्यांत मिळवला की बेरीज १२८ च्या पटीत यावी असा निवडलेला, एवढेच सांगतो की आकडे वाटेत बिघडले नाहीत. आवाजाबद्दल तो मौन पाळतो. म्हणून जाणते वादक प्रत्येक टोनचे चार स्वर ध्वनिमुद्रित करून ठेवतात आणि सोबत दोन ओळी लिहितात: कोणता नॉब गाण्यात हलतो, कोणता मुळीच हलवायचा नाही, आणि भाड्याच्या वाद्यावर काय आधी कानाने जुळवायचे.